पाठमोरा वाटा

"मानसाचं तोंड बगितलं का वाटा वाकडा पडतो," असं म्हणून ती सगळ्यांकडे पाठ करून उभी राहायची. पदर खोचलेला, दोन्ही हात कमरेवर, नजर खाडीकडे. तिच्या मागे जेटीवर मासळीचे सारखे ढीग मांडलेले असायचे. एकजण ढिगावर काठी टेकवून विचारायचा, "ह्यो कोनाचा?" आणि ती न बघता एक नाव घ्यायची. ज्याचं नाव निघेल त्यानं तो वाटा उचलायचा. ढिगात पापलेट जास्त आलं की बोंबील, त्यावर चकार शब्द काढायचा नाही. होडीत भागी असलेल्या घरांची ही जुनी पद्धत. खाडीकाठी राहिलेल्यांनी ती पाहिली असेल.

मी साताऱ्याकडचा. उरण तालुक्यातल्या त्या गावात ग्रामसेवक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा समुद्र मला फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात भेटला होता. वासाने पहिले काही दिवस जेवण गेलं नाही. गावाहून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर मी दिवस काढतोय, हे तिच्या कानावर गेलं. तिने येऊन चटणी चाखली, डोळे मिटले आणि डबाच उचलून नेला. जाताना म्हणाली, "भाऊसाहेब, हितं ऱ्हायचं तं मासली खा. ही मी सांबालतंय." तेव्हापासून घरून येताना मी तिच्यासाठी वेगळी पुडी आणू लागलो.

पंचायतीत एक बाई असावी असा नियम होता, म्हणून सरपंचांनी तिला घेतलं होतं. बाई येईल, चहा पिईल, अंगठा उठवून जाईल असा त्यांचा हिशेब. पहिल्याच सभेत तिने सरपंचांना उठवून त्यांची खुर्ची बाहेर नेऊन ठेवली, कारण खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. "तू पडशील तं पडशील," ती म्हणाली, "गावाला हसतील त्याचं काय?" त्या दिवसापासून ती सगळ्यांची मेंबरबाय झाली. तिचा नवराही तिला मेंबरबाय म्हणूनच हाक मारायचा, आणि तीही ओ द्यायची.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर चक्रीवादळ आलं. रात्र आम्ही शाळेच्या पक्क्या खोलीत काढली. सकाळी बाहेर आलो. शाळेच्या पायरीवर एक होडी आडवी पडली होती. पंचायतीचं छप्पर कुठे गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यात भीती वाटली ती शांततेची. एक कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी तिथेच ओट्यावर बसकण मारली.

"बसलाव काय?" मेंबरबाय समोर उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल. "पाय हायत ना जाग्यावर? मंग उठा."

तिच्या मागून गावभर फिरलो. कोळीवाड्याच्या टोकाला धर्मामामा राहायचे. जाळी विणून देणारा एकटा म्हातारा, कमरेतून अधू. त्यांच्या घराची एक भिंत तेवढी उभी होती आणि तिला टेकून मामा विडी ओढत होते. "एक रायली," ते भिंतीवर थाप मारून म्हणाले. "जालं टांगाला बरी झाली." आम्ही तिघेही हसलो. त्या दिवशी गावात तेवढंच हसू झालं असेल.

नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी यायचे होते, पण तालुक्याच्या रस्त्यावर झाडं पडलेली. त्यांच्याआधी मागच्या वाटेने पत्र्यांचा ट्रक येऊन पोचला. शेजारच्या गावात पत्र्यांवरून डोकी फुटल्याची बातमी ड्रायव्हरनेच आणली, आणि लवकर उतरवून घ्या म्हणून तो हॉर्न वाजवत बसला. पंचायतीसमोर सगळा गाव जमला. सरपंचांचा चेहरा उतरला. भांडणाचा वास आला की त्यांना नेहमी तालुक्याला काम निघायचं, पण आज तालुक्याचा रस्ताच बंद होता. ते म्हणाले, "मेंबरबाय, तूच काय ती वाटनी कर."

तिने पदर खोचला. घरटी एक असे पत्र्यांचे सारखे वाटे मांडून घेतले आणि पाठ करून उभी राहिली. "ह्यो कोनाचा?" नाव. "ह्यो कोनाचा?" नाव. सरपंचांचं आलं, तिच्या स्वतःच्या घराचं आलं, धर्मामामांचं आलं. सगळ्यांना सारखं. कोणी ब्र काढला नाही. मला तर धन्य वाटलं. सरकारी मदत इतक्या शांतपणे वाटली गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगतो, नंतरही पाहिली नाही. "बगितलंव?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "वादलानं कोनाचं तोंड बगितलं नाय. आपुन पन नाय बगायचं."

मामांच्या वाट्याला आलेल्या पत्र्यांत घर होणार नव्हतं. त्यांनी ते उरलेल्या भिंतीला तिरपे लावले, वर दगड ठेवले आणि आत अंथरूण टाकलं. त्यांनी कोणाकडे काही मागितलं नाही. वाटा पडला म्हणजे पडला, त्यावर बोलायचं नसतं, हे ते लहानपणापासून शिकले होते.

आठवडा झाला असेल नसेल. भर दुपारी पुन्हा वारं सुटलं. पहिल्याच्या मानाने काहीच नव्हतं ते. द्रोणागिरीच्या डोंगराकडून काळं भरून आलं, थोडा वेळ धूळ आणि पाऊस, आणि ओसरलंही. मी कपडे झटकत होतो तेवढ्यात कोळीवाड्यातून हाक आली.

भिंत पडली होती. पत्रे, दगड आणि भिंत, सगळं मामांच्या अंगावर. मेंबरबाय माझ्याआधी पोचली होती. वरचा पत्रा तिनेच उचलला. मामा झोपल्यासारखे कुशीवर होते आणि हातात जाळं विणायची सुई तशीच होती. भल्यामोठ्या वादळातून वाचलेला माणूस एवढ्याशा वाऱ्यात जातो, हे मनाला पटतच नव्हतं. बायकांनी गळा काढला. मेंबरबाय रडली नाही. ती काही वेळ हातातल्या पत्र्याकडे बघत राहिली आणि उठून घरी चालू लागली.

थोड्या वेळाने खरखर असा आवाज आला. ती दगडी वाटेवरून पत्रे फरफटत आणत होती. तिच्या घराची चार कौलं काय ती उडाली होती, तिच्या वाट्याचे पत्रे दाराआड तसेच उभे होते. तिने ते मामांच्या पायाशी टाकले.

"हे मामाचे," ती म्हणाली. "माज्या दाराआड व्हते."

मग तिने मान वर करून सरपंचांकडे पाहिलं. "आनि तुज्या माल्यावर?"

सरपंच वळले आणि गेले. मग दुसरा गेला, मग तिसरा. ज्यांची घरं धड होती त्या सगळ्या घरांतून पत्रे बाहेर यायला लागले. माळ्यावरून, खाटेखालून, गोठ्यातून. गावभर तोच खरखराट. आजही कुठे पत्रा ओढल्याचा आवाज झाला की माझ्या अंगावर काटा येतो. एका माणसाचं छप्पर होईल त्याच्या कितीतरी पट पत्रे गावात पडून होते आणि ते आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आमच्या वाहवाहीत, पडून राहिले होते.

मामांना पोचवून आल्यावर ती पंचायतीच्या ओट्यावर चढली. या वेळी तोंड लोकांकडे. "आता मी पाठ नाय करनार. मी घराघरात येनार. ज्याला कायच नाय त्याला पयला."

"मेंबरबाय, भांडनं व्हतील," सरपंच हळूच म्हणाले.

"व्हऊं दे. भांडनानं मानूस मरत नाय."

भांडणं झाली, आणि चांगली कडाक्याची झाली. तिने शिव्या खाल्ल्या, दिल्या, एका घरी तर पाणीसुद्धा मिळालं नाही. पण पहिले पत्रे शिडाच्या कापडाखाली निजलेल्या एका बाळंतिणीच्या घरावर चढले, आणि ते बरोबर नव्हतं असं म्हणायची हिंमत कोणाला झाली नाही. पुढे तिने रिवाजच पाडला. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर ती, सरपंच आणि मी घरोघर जायचो. ती प्रत्येक छपराचा वासा हाताने ओढून बघायची. कच्च्या घरातल्यांनी वारं सुटायच्या आत शाळेत यायचं हे ठरलं. जादा पत्रे शाळेत राहायचे, कोणाच्या माळ्यावर नाही.

तालुक्याच्या साहेबांनी एकदा सगळ्या गावांच्या बैठकीत तिला उभं केलं आणि तुमची पद्धत सांगा म्हणाले. "दार उगडून आत बगायचं," ती म्हणाली आणि खाली बसली. साहेब पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.

मासळीच्या वाट्याला मात्र ती पुन्हा कधी पाठ करून उभी राहिली नाही. ते काम होडीच्या नाखव्याने घेतलं. मासळीला चालतं की, मी म्हणालो. "मासलीला चालंल," ती म्हणाली. "माज्या पाठीचा मना भरवसा नाय."

माझी बदली शहराजवळ झाली. नवीन वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक मिळाला. इकडे मेंबरबायचा नवरा वारला, त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा मासळीची टोपली घेऊन ती आमच्याकडे आली. स्लॅबला खालून निरखून म्हणाली, "बरा हाय." मग समोरच्या बंद दाराकडे बोट करून विचारलं, "त्यात कोन ऱ्हातं?" मी आणि बायको एकमेकांकडे बघायला लागलो.

त्यानंतर बरेच दिवस जाणं झालं नाही. साताऱ्याहून आलो तेव्हा तिच्यासाठी चटणीची पुडी होती, म्हणून एका रविवारी उरणची एसटी धरली. ती घरी नसली तर जेटीवर असणार, म्हणून सरळ जेटीवरच गेलो. होडी नुकतीच लागली होती. वाटे मांडलेले, नाखवा पाठ करून उभा.

"ह्यो कोनाचा?" नाव. कोणीतरी उचललं. "ह्यो कोनाचा?"

"मेंबरबायचा," नाखवा म्हणाला.

मी टाचा उंचावून गर्दीत बघू लागलो. कोणत्या बाजूने येते ते दिसेना. कोणीच पुढे येईना. काठी धरलेला माणूस काठी तशीच ठेवून खाली बघत राहिला. नाखव्याचे खांदे पडलेले मला मागून दिसले.

सरपंच आता थकले होते. त्यांनी मला ओळखलं आणि जवळ आले. "तुमाला कोनी कलवलं नाय, भाऊसाहेब? तापानं गेली. म्हयना पन नाय झाला. हाताला आनि जिबंला सवय हाय, काय करनार."

मी पुडी हातात धरून उभा राहिलो. मला रडूसुद्धा आलं नाही. आत्ता इथे तिचं नाव घेतलं होतं, ढीग समोर होता, मग माणूस गेलं कसं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नाखवा वळला. पद्धत मोडून त्याने जमलेल्या सगळ्यांकडे तोंड केलं आणि एकेकाचा चेहरा बघत विचारलं, "आज कोनाचे घरी काय नाय?"

मागून एक बाई रिकामी टोपली घेऊन पुढे आली.