सोमवारच्या कपड्यांची खोली

त्या सोमवारी आमच्या घरातले सगळे कपडे धुऊन, इस्त्री होऊन, घड्या घालून तयार होते आणि अंगात घालायला कुणाकडंच काही नव्हतं.

हे माझ्यामुळं झालं. (आमच्या घरात काहीही झालं की ते माझ्यामुळंच होतं, पण या वेळी खरंच माझ्यामुळं झालं होतं.)

आमचं घर मारुंजी गावात. घरामागं पूर्वी भाताची खाचरं होती, आता भाडेकरूंच्या खोल्या आहेत. वरच्या मजल्यावर मुलगा प्रशांत, सून ऋतुजा आणि तिसरीतली नात ईश्वरी राहायचे. नवरा-बायको दोघं हिंजवडीत कामाला. सकाळ झाली की वरून नुसता आरडाओरडा!

"माझा एक सॉक्स कुठंय?"

"अरे, हा शर्ट ओला आहे!"

"मम्मा, आज पीटी आहे! व्हाइट ड्रेस!"

घरातून निघायला जरा उशीर झाला की पुढं चौकात किती वेळ जाईल ते देवही सांगू शकत नाही. एक दिवस ऋतुजा जिन्यात प्रशांतला म्हणाली, "नाही जमत रे रोज. ऑफिसजवळ फ्लॅट बघूया. सकाळ तरी सुटसुटीत होईल."

मी खालून ऐकलं. लेक, सून, नात डोळ्यांसमोरून जाणार, आणि कशापायी? तर सॉक्स सापडत नाही म्हणून! मी त्याच दिवशी ठरवलं, काही झालं तरी या घरात सॉक्स सापडलाच पाहिजे.

मागची कोपऱ्यातली खोली नुकतीच रिकामी झाली होती. ती मी ताब्यात घेतली. वरचं कपाट पार मोकळं केलं, सगळं धुतलं, इस्त्रीला दिलं. जुने उशांचे अभ्रे काढले आणि एकेका अभ्र्यात एकेकाचा एका दिवसाचा अख्खा जोड भरला, बनियनपासून रुमालापर्यंत! प्रत्येकावर पेनानं वार लिहिला. मग सतरंजी अंथरून त्यावर तीन ओळी लावल्या. एक लेकाची, एक सुनेची, एक नातीची. शनिवारी ऋतुजाला दाखवायला नेलं.

"आई, हे भारी आहे!" ती म्हणाली. "आता सकाळी नुसतं उचलायचं आणि घालायचं!"

"मंग! आता फ्लॅटबिट बघायचं काय कारन न्हाई," मी बोलून गेले. ती नुसती हसली. मला वाटलं, जिंकले!

रविवारी माझ्या भाचीचा सूस गावात साखरपुडा होता. आम्ही सगळे नटूनथटून गेलो. घरी राहिले एकटे आमचे हे. संध्याकाळी दमून परत आलो, जेवलो, झोपलो. सोमवारी सकाळी मी ऐटीत खोलीकडं गेले आणि बघते तर दाराला भलंमोठं नवं कुलूप!

हे अंगणात तोंड धूत होते.

"अहो, खोलीला कुलूप कुनाचं?"

"भाडेकरूचं."

"कुटला भाडेकरू?"

"काल आला न्हाई का! तू सूसला गेल्तीस. बरं पोरगं हाय, जळगावचं."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"त्यात काय सांगायचं? खोली रिकामी दिसली, दिली."

(चूक त्यांची नव्हती. मारुंजीत रिकामी खोली म्हणजे पिकलेला आंबा, टिकतो किती वेळ?)

"अवो, आत कपडे हायेत! सगळ्यांचे! आठवड्याचे!"

"कसले कपडे? आत तर उश्या हायेत. म्हटलं, हिनं खोली सजवली वाटतं. पोराला सांगितलं, सामानासकट हाय, बिनधास्त वापर."

यांनी भाडेकरूला फोन लावला, तर तो कंपनीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये. "काका, आज जॉइनिंगचा पहिलाच दिवस आहे! परत आलो तर संपलंच!"

"कुलूप तोडा!" मी म्हटलं.

"येडी का खुळी तू? भाडेकरूच्या कुलपाला हात लावायचा न्हाई. गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

वर तिघंही झोपायच्या कपड्यांत माझी वाट बघत उभे होते. घरात उरलं होतं ते काल साखरपुड्याला घातलेलं, नाहीतर आमच्या यांचं.

"आई, आज क्लायंट येणार आहेत," ऋतुजा एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. गपचूप कालची जांभळी पैठणी नेसली, खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवली आणि निघाली. प्रशांतनं बापाचा कडक कांजीचा पांढरा शर्ट आणि पांढरी पॅन्ट चढवली. चौकात पोहोचेपर्यंत तिघांनी त्याला हात जोडले आणि एकानं गाडी आडवी घालून विचारलं, "दादा, यंदा उभं ऱ्हाताय व्हय?"

राहिली ईश्वरी. चमकीचा घागरा घालून रडत उभी.

"आजी, युनिफॉर्म नसला तर बाहेर उभं करतात. बर्थडे असला तरच कलर ड्रेस चालतो."

"मंग सांग की, आज वाढदिवस हाय!"

हे बोलणारी मीच! पोरीनं सांगितलं. वर्गानं गाणं म्हटलं, टाळ्या वाजवल्या आणि थोड्या वेळानं बाईंचा फोन आला, "आजी, चॉकलेट्स घरी राहिली का?" मी धावत दुकानात गेले, पिशवीभर चॉकलेटं घेतली आणि रिक्षानं शाळेत पोहोचवली. तिचा खरा वाढदिवस पुढच्या महिन्यात आला. शाळा म्हणाली, एका वर्षात दोन चालत नाहीत. त्या दिवशी पोरगी युनिफॉर्म घालून, रिकाम्या हातानं शाळेत गेली. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

त्या सोमवारी संध्याकाळी भाडेकरू आला. कुलूप काढता काढताच म्हणाला, "काकू, गादीची सोय मस्त केलीत! मी तर अंथरूण आणलंच नव्हतं."

आत बघते तर माझ्या तिन्ही ओळी एकमेकींना चिकटवून, वर चादर टाकून गादी केलेली! सोमवार डोक्याखाली, शुक्रवार पायाखाली, आणि बुधवारवर चहा सांडलेला.

"आणि उशांवर वारसुद्धा लिहिलेत," तो कौतुकानं म्हणाला. "रोज वेगळी उशी! एवढी स्वच्छता आमच्या घरीपण नाही, काकू."

ऋतुजा पैठणीतच दारात उभी होती. ती हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ती चिडली असती, मला चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. हसून झाल्यावर ती प्रशांतकडं वळली आणि हळूच म्हणाली, "शनिवारी जाऊन येऊया का बघून?"

दिवाळीनंतर ते फ्लॅटवर गेले. भांडण नाही, तंटा नाही. जाताना दोघं पाया पडले. सामानाच्या टेंपोत कपडे कसे भरायचे ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. वरच्या मजल्यावर आता सकाळी कुणी ओरडत नाही. मला ती शांतता खायला उठते.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा एकटीच त्यांच्याकडं गेले. पिशवीत इंद्रायणी तांदूळ, मेथीची जुडी, लोणच्याची बरणी. दिवस कसा गेला कळलं नाही. निघायला उठले तर ईश्वरीनं पदर धरला.

"आजी, आज राहा ना!"

"आई, खरंच राहा," ऋतुजा म्हणाली. "सकाळी हिला तुम्हीच तयार करून द्या."

हेच तर ऐकायला जीव टांगणीला लागला होता! आणि मी काय म्हणावं?

"कसं ऱ्हाऊ गं? दुसरी साडी न्हाई आनली."

"माझा गाऊन घाला की."

"गाऊन? आन मी? छ्या!"

प्रशांतनं मला घरी आणून सोडलं. वाटेत चौकात गाडी अडकली, तेव्हा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. मला कुणी राहा म्हणेल असं वाटलंच नव्हतं! अख्ख्या घराचे आठवड्याचे कपडे आधी काढून ठेवणारी बाई मी, पण लेकाच्या घरी जाताना स्वतःची एक साडी पिशवीत टाकायचं काही मला सुचलं नाही!