पुन्हा हेच कराल का

चाकूर तालुक्यात मी कृषी सहायक म्हणून गावोगाव फिरतो. पेरणीआधी शेतकऱ्यांना तीन प्रश्न विचारायची मला खोडच आहे: यातून काय मिळेल, काय जाईल, आणि गेलं तर सोसेल का? सुगी झाली की चौथा: पुन्हा तीच वेळ आली तर हेच कराल का? पीक बुडालं म्हणजे निर्णय चुकलाच असं नसतं, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. बायको म्हणायची, ह्यांना भाजीत मीठ टाकायचं तरी प्रश्न लागतात.

लातूरच्या दवाखान्यात आमचा टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार दोनदा वाया गेला. तिसऱ्यांदा करायचा की नाही हे ठरवायला तिनंच ते प्रश्न काढले. दुपारी ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. मिळेल काय, ते बोलायची गरज नव्हती. जाईल काय, तर तिची तब्येत. इंजेक्शनांनी ती आधीच निम्मी झाली होती. सोसेल का, इथं मी अडलो.

ती म्हणाली, "मला सोसंल. तुमी तुमचं बगा."

मी काही बघितलं नाही. मलाही सोसेल म्हणून मोकळा झालो.

या वेळी दिवस राहिले. माझ्या आईनं तिला घागर उचलू देणं बंद केलं, शेजारीण कैऱ्या देऊन गेली. मी कधी साधं गुणगुणलो नसेन, तो मोटारसायकलवर मोठमोठ्यानं गाणी म्हणायला लागलो. मग एकदा सोनोग्राफीला गेलो, तर डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. बाळाचे ठोके लागत नव्हते.

पिशवी साफ केल्यावर ती दवाखान्यातल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिला हाक मारायची माझी छाती झाली नाही. बाहेर जिन्यात बसून मी रडलो, आणि तिच्याआधी आपणच मोडलो याची मला चीड आली.

घरी आल्यावर चौथा प्रश्न मी काढणार नव्हतो. काही दिवसांनी माझ्या शर्टाचं बटण लावता लावता तिनंच काढला.

"पुन्हा तीच वेळ आली तर हेच कराल का? मी तर हाव म्हनते. दोन महिने का व्हईना, मी आई व्हते. तुमचं काय?"

माझं उत्तर नाही असं होतं. तिला त्या पलंगावर पाहिलं तेव्हाच ते ठरलं होतं.

मी हाव म्हणालो. तेव्हा कुठं ती रडली.