मॅडम येणार म्हणून आवरलेलं घर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ताईच्या केसचा कोणताही कागद आला की वाचायचं काम माझं, आणि ते मी ऐटीत करायची. कोर्टाच्या समाजसेविकेचा गृहभेटीचा अहवालही वकिलांकडून मीच आणला. चहा पीत पीत वाचायला बसले.

‘घरात मुलीच्या वास्तव्याची कोणतीही खूण आढळली नाही.’

परत वाचलं. तेच. ताईची पोर माझ्या मांडीला टेकून चहात चपाती बुडवत होती! तिचा ताबा ताईकडे ठेवायचा की बापाला द्यायचा, हे ठरवताना कोर्ट हाच कागद बघणार होतं.

‘‘ताई, ती बाई खरंच आलती का घरी?’’

‘‘आलती की. पण टेकली कुटं? दारात रिक्षा चालूच. सगळीकडं एकटीच फिरते म्हणं. इथनं मोहोळ, मग बार्शी.’’

‘‘मग हिला बघितलं नाही?’’

आई चुलीपुढून म्हणाली, ‘‘हिला शेजारी चाचीकडं धाडलंतं. मधी मधी बोलती लई.’’

मग सगळं कळलं. मी कामावर असताना आईनं घर असं आवरलं होतं, जणू मुलगी बघायला पाहुणे येणार. पोरीची भिंतीवरची चित्रं उतरवली. दप्तर, फ्रॉक, चपला, सगळं गाठोडं चाचीच्या पलंगाखाली. आईचं एक वेळ समजलं. पण ज्या पोरीसाठी आली, ती कुठं आहे, एवढंही त्या शिकलेल्या बाईनं विचारू नये?

वकिलांनी अर्ज दिला, कोर्टानं पुन्हा भेट द्यायला सांगितलं. त्या दिवशी मी रजा टाकली. ताईनं आईला केरसुणीला हातसुद्धा लावू दिला नाही.

मॅडम त्याच. रिक्षाही दारात चालूच. दोरीवरचे फ्रॉक, भिंतीभर चित्रं बघून त्या दारातच थबकल्या.

‘‘मागच्या वेळी हे सगळं कुठं होतं?’’

‘‘तुमी येणार म्हणून लपवलं की बाई,’’ आई म्हणाली. ‘‘पावण्याफुडं कोण पसारा मांडतंय व्हय?’’

मॅडमचा चेहरा उतरला. बाहेर हॉर्न वाजला. त्या वळल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, ‘‘तुम्ही जा. मला वेळ लागेल.’’

मग चपला काढून आत आल्या आणि पोरीशेजारी फरशीवर बसल्या.