मापाच्या वहीची मागची पानं

हिंगणघाटच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग डिकीत ठेवली, खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "रोज फोन करजो. सांगायला काही नसलं तरी करजो." दुकान उघडं टाकून आलेला शिंपी, गळ्यातली टेप काढायचीसुद्धा राहिली होती. गाडी वळेपर्यंत मी ती टेपच बघत होते.

पुण्यात हडपसरच्या कंपनीत मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम येत होतं, पण सकाळच्या मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची पाळी आली की माझी दातखीळ बसायची. महिनाभरात बोलला नाहीत तर ठेवता येणार नाही, असं मॅनेजरनी स्वच्छ सांगितलं.

मग बिबवेवाडीतला क्लास लावला. तिथल्या बाई अस्सल पुणेरी. "पदवी घेतलीय ना आपण? मग एका वाक्याला मुहूर्त कशाला हवा?" त्यांनी फळ्यावर वाक्याचे फक्त पाच साचे लिहिले. एक असा: कोण, काय करतं, कुठे. शब्द बदला, साचा तोच ठेवा. इतकी वर्षं व्याकरण घोकलं आणि एवढी अफाट भाषा या पाच ओळींतून निघते? मी अवाक झाले. बाबाही एकाच पद्धतीने कापड बेतून अख्ख्या गावाचे शर्ट शिवायचे, ते तेव्हा आठवलं.

बाईंचा नियम होता, रोज पाच वाक्यं जिवंत माणसाला ऐकवायची. तुम्हीही गाव सोडलं असेल, तर नव्या शहरात ऐकणारं कुणी नसतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बाबांनाच ऐकवू लागले. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. 'आय कुक राइस' म्हटलं की ते म्हणायचे, "हो, समोर सांग." आमच्याकडे समोर म्हणजे पुढे.

महिना भरायच्या आत मी मीटिंगमध्ये चार वाक्यं बोलले. नोकरी टिकली.

दिवाळीला घरी गेले. बाबांच्या मापाच्या वहीत मागच्या पानांवर माझी सगळी वाक्यं होती, देवनागरीत, तारखेसह. मी वही चाळत होते, तेवढ्यात बदलून आलेले बँकेचे साहेब शर्ट न्यायला आले. त्यांनी माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, ही कोण? बाबा ताठ उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "माय डॉटर वर्क्स इन पुणे."

हे वाक्य मी त्यांना कधीच दिलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः बेतलं होतं. माझे डोळे भरून आले.

घर कुठलं, असं हडपसरला कुणी विचारलं की मी हिंगणघाट सांगते, आणि डोळ्यांपुढे ती मागची पानं येतात. फोन अजून रोज होतो. आता पाच वाक्यं बाबा ऐकवतात. मी म्हणते, "हो बाबा, समोर सांगा."