सरोजाअक्कांचा डवरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, तेही अडखळतच.

मी मूळची साताऱ्याची, नोकरी चेन्नईत – पेरुंगुडीच्या एका वकिली कार्यालयात. शोधाला पेटंट, नावाला ट्रेडमार्क, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण वस्तूच्या नुसत्या रूपालाही संरक्षण मिळतं – डिझाइनची नोंदणी केली की. ते काम माझं. त्यात एक अट कडक: अर्ज जाण्याआधी ती वस्तू चारचौघांपुढे येता कामा नये.

सरोजाअक्का आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तंजावरी मराठी घरातल्या, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी फिल्टर कॉफीचा डवरा – पेल्याखालची ती खोलगट वाटी – नव्या आकारात काढला होता. काठ असा वळवलेला, की वाऱ्याने कमळाचं पान जरा उचलावं. जॉर्ज टाउनच्या एका भांडेवाल्याकडून नमुनाही करून आणला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांची चित्रं सुधारली. हे पहिलंच त्यांचं स्वतःचं. नोंदणीसाठी कागद मी हौसेनं मागून घेतले. "अक्का, सगळं मी बघते."

आणि बघितलं नाही. आज करू, उद्या करू – कारण काय सांगू? कारणच नव्हतं.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. हस्तकलेचं प्रदर्शन होतं. "तिथे मांडू का गे?" अर्ज गेला नाही, हे मला आठवलं नाही का? आठवलं. पण नाही म्हटलं असतं, तर माझा आळस उघडा पडला असता. "मांडा की," मी म्हणाले. उद्या टाकू अर्ज, कुणाला कळतंय?

उद्याही टाकला नाही. डवऱ्याचे फोटो फोनाफोनांवर फिरले. थोड्याच महिन्यांत तोच काठ बाजारात आला, भलत्याच्याच दुकानात. आता नोंदणी होणार नव्हती.

अक्कांचा मुलगा मला वर बोलावून विचारू लागला, असं कसं झालं? अक्का शेजारीच बसल्या होत्या. आणि मी – मी म्हणाले, "मांडण्याआधी मला एकदा विचारायला हवं होतं, अक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"विचारलं होतं असं वाटतं मज," त्या हळूच म्हणाल्या. मी मान हलवली – नाही. मग त्याच म्हणाल्या, "माझीच चूक पां. वय झालं. विसरले असेन."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी समोरची कॉफी प्यायले.

त्यानंतर घरात त्यांच्या आठवणीवर कुणी विसंबेना. गॅस बंद केला का, गोळी घेतली का – सून दोनदोनदा विचारते. हल्ली अक्का स्वतःच विचारतात. जिन्यात भेटल्या की माझा हात धरून म्हणतात, "हे तुला आधी सांगितलं का गे मी?"

त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.