मावशीनं न वाचलेली कादंबरी

वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या मावशीनं बावीस वर्षांत एकही कादंबरी वाचली नव्हती, आणि तिला विचारल्याशिवाय एकही सभासद कादंबरी घरी नेत नव्हता.

आली होती ती झाडलोट करायला. काउंटरवरचा कारकून कमरेनं अंथरुणाला खिळला, तेव्हा 'दोन दिवस बस' म्हणून तिला स्टुलावर बसवलं. ते दोन दिवस अजून संपायचेत. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडत, बोट फिरवत वाचायची. पानाच्या तळाला पोचेपर्यंत वरच्या ओळीतला माणूस कोण होता हेच विसरून जायची. चित्रांची, मोठ्या अक्षरांची पुस्तकं तेवढी तिनं वाचली होती. पोरांच्या कपाटातली एकूण एक. दुपारी वाचनालय बंद असताना, दाराला आतून कडी घालून. कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र सगळा कारभार दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिण्याचा.

पण पिण्याची रीत पक्की होती. पुस्तक परत करायला माणूस आला की त्याला ती तशी सोडायची नाही. तीन प्रश्न ठरलेले. कितव्या पानाला हातातलं काम विसरलात? पुस्तकात शिव्या कुणाला घातल्यात? आणि मिटल्यावर पहिलं काय केलंत? माणसं खुलायची. कुणी सांगायचं, भाजी करपली. कुणी सांगायचं, मिटल्यावर उठून आईला फोन लावला. मावशी मान हलवत ऐकायची आणि डोक्यात ठेवायची. पुढचा माणूस आला की त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "तुम्हाला हे नको. तुमचं सध्या बरं चाललंय, उगाच कशाला. हे घ्या." आणि बसायचं बरोबर. ग्रंथपालसाहेब फायलींतून वर बघत नसत, त्यांना वाटायचं बाई रात्रंदिवस वाचते. सभासदांनाही तसंच वाटायचं. मावशीनं कधी 'हो' म्हटलं नाही, 'नाही' पण म्हटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशी साडेअकराला चावीवाला आला. पेठेच्या तोंडाशी त्याची टपरी, गिऱ्हाईक नसलं की कानशीच्या शेजारी पुस्तक उघडं. महिन्यापूर्वी आलेल्या एका नव्या कादंबरीच्या दोन प्रती होत्या, त्यातली एक त्यानं काउंटरवर ठेवली. ठेवली म्हणजे, टाकलीच.

"काय हो, हात दुखतोय का?" मावशी म्हणाली.

"मावशी, असलं काही देत जाऊ नका राव. दोन दिवस किल्ल्या चुकतायत माझ्या."

"का? कितव्या पानाला..."

"पान राहू द्या. तो नवरा मरतो शेवटी. सबंध पुस्तकभर नवरा-बायको एकमेकांची टिंगल करतात, आपण हसून हसून बेजार. आणि शेवटी साधं पोटाचं ऑपरेशन. सकाळी चालत आत जातो, आणि टेबलावरच संपतो. ती बाहेर बाकावर त्याचा चष्मा घेऊन बसलेली." चावीवाल्यानं नाक ओढलं. "बाराशे किल्ल्या केल्या असतील मी, पण असं कुलूप कुणी लावलेलं पाहिलं नाही."

मावशीच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

दुसरी प्रत तिनं काल दिली होती. शिंपिणीला. कोपऱ्यावरचा शिंपी चार दिवसांपासून इस्पितळात होता. पोटात गाठ, उद्या सकाळी दहाला ऑपरेशन. शिंपीण काल घाईनं आली होती. "मावशी, काहीतरी हलकं द्या हो. यांना वाचून दाखवते. हे बोलत नाहीत, नुसते वर पंखा बघत पडतात." आणि मावशीनं ताडकन् हीच काढून दिली होती. "न्या डोळे मिटून. नवरा-बायकोची आहे, शेवट गोड आहे."

शेवट गोड आहे हे सांगितलं होतं विमा एजंटानं. त्या प्रतीचा तोच पहिला वाचक. तीन प्रश्नांवर तो घडाघडा बोलला होता. "फर्स्ट क्लास! हलकंफुलकं! शेवटी सगळं गोड! मिटल्यावर काय केलं? चहा प्यालो!" आता मावशीला एकेक आठवायला लागलं. तो माणूस आयुष्यभर लोकांना सगळं गोड होईल म्हणूनच सांगत आला. पुस्तक तो काखेत मारून हिंडायला न्यायचा, चारचौघांत बरं दिसतं म्हणून. आणि वाचलेलं पुस्तक हाताला मऊ लागतं, पाठीला बाक येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ते तर कोऱ्या कपड्यासारखं कडक होतं. पण तो परत करायला आला तेव्हा शनिवारची गर्दी. हाताला लागलं ते मनावर घेतलं नाही. सांगितलं ते ऐकलं आणि तसंच पुढं ढकललं.

"मावशी, शिक्का मारताय ना?"

तिनं शिक्का मारला. उलटा.

बारा वाजायला अर्धा तास होता. तेवढ्यात तिनं शिवणकामाच्या पुस्तकाऐवजी एकाला शेळीपालनाचं दिलं आणि एका म्हातारीची वर्गणी दोनदा विचारली. डोक्यात एकच हिशोब. एकूण पानं अडीचशे. शिंपीण वाचणारी बाई, तिचं मशीनसारखं चालतं. काल संध्याकाळ, आज सकाळ. कुठवर आली असेल? नवरा उद्या त्याच दारातून आत जाणार, आणि आज ती त्याच्या उशाशी बसून हे वाचणार. आणि का, तर मावशीनं सांगितलं म्हणून.

बाराला कुलूप लावलं. जाताना पोरांच्या कपाटातलं हाताला लागेल ते एक पुस्तक पिशवीत टाकलं. एक काढून घ्यायचं तर बदल्यात काहीतरी द्यायला नको? आणि ती निघाली. बस समोरून गेली. थांबायला धीर नव्हता, चालतच सुटली. वाटेत विमा एजंट स्कूटरवरून गेला, हात केला त्यानं. मावशीनं जी शिवी घातली ती बावीस वर्षांत काउंटरवर कुणी ऐकली नसेल.

इस्पितळाच्या फाटकावर पहारेकरी. "कोणाकडे?"

"शिंपी. दुसरा मजला."

"नातं काय?"

मावशीला धाप लागली होती. "मी त्यांच्या पुस्तकाची आहे."

"त्यांच्या कुणाची?"

"अहो भावजय लागते मी त्यांची, सोडा!"

जिन्यात तिनं ठरवून टाकलं. सांगायचं, साहेबांनी मागवलंय, तपासणी आहे. खोटं तर खोटं. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. म्हणजे ही बाई वाचतच नाही. उद्या पेठभर होईल. मग परवा काउंटरवर कोण विचारणार? झाडू तसाही कोपऱ्यात आहेच.

वॉर्डात सहा खाटा. खिडकीपासच्या खाटेवर शिंपी उशीला टेकून बसलेला. माणूस मुळात काटकुळा, आता तर हँगरवरचा सदरा. शेजारचं स्टूल रिकामं, त्यावर कादंबरी पालथी. मावशीनं आधी तेवढंच बघितलं, पालथी कितव्या पानावर आहे. वाचून झालेल्या पानांची बाजू चांगलीच जाड होती.

"या, या. ती खाली कागदांवर सह्या करायला गेलीय," शिंपी म्हणाला. "इतक्या सह्या की माणूस कापतायत का जमीन विकतायत कळेना."

"दादा, हे पुस्तक मी न्यायला आले होते. साहेबांनी..."

"न्या."

मावशी थबकली.

"न्या म्हणतोय ना. ती यायच्या आत न्या." त्यानं आवाज उतरवला. "चाळीस पानं राहिलीत. तिच्या वेगानं संध्याकाळपर्यंत पोचेल."

"तुम्हाला... माहीत आहे?"

"मी शेवटचं पान आधी बघतो. कोट हातात आला की आम्ही पहिल्यांदा काय बघतो? अस्तर. उलटा करून. वरचं कापड कुणालाही फसवतं. काल रात्री ती घरी गेल्यावर उलटून बघितलं." त्यानं पंख्याकडे पाहिलं. "आणि तेव्हापासून डोळा लागला नाही."

मावशी मटकन् स्टुलावर बसली, पुस्तक मांडीवर घेऊन. तयारी करून आली होती ती राग सोसायची. इथं राग नव्हताच.

"मग बाईंना का नाही सांगितलंत? थांबवायचं ना वाचणं."

"हसतेय हो ती. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. एकेक वाक्य दोनदा वाचते माझ्याकडे बघून, 'हे तुमच्यासारखंच' म्हणून. तिथं काय सांगू, की हा माझ्यासारखा पुढं काय करतो ते?" शिंप्यानं चादरीची शिवण अंगठ्यानं चाचपली. "सकाळपासून 'हे परत वाच, हे पान पुन्हा वाच' करत रेटतोय. पण किती रेटणार? तुम्हाला शेवट माहीत असून दिलंत हे मात्र मला कळलं नाही, मावशी. तुमचं कधी चुकत नाही."

तपासणी आहे, साहेबांनी मागवलंय. जिभेवर सगळं तयार होतं. आणि बाहेर पडलं भलतंच.

"मी वाचलेलं नाही, दादा."

"हे?"

"हे नाही. कुठलंच नाही. मला एवढं वाचता येत नाही. लोक सांगतात ते मी सांगते. हे ज्यानं सांगितलं त्यानंही वाचलं नव्हतं."

"काय सांगितलं कुणी?"

मागं शिंपीण उभी होती. हातात कागदांची चळत, चष्मा कपाळावर. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिची नजर मावशीच्या मांडीवरच्या पुस्तकावर गेली, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. कापडाचा दोष लांबून ओळखणारी बाई ती.

"मरतो ना तो?" ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा चमचा वाजवत होता, तो थांबला.

"मी मघाशीच म्हटलं, ह्यांना अचानक एवढं पुस्तकाचं प्रेम कुठून आलं. परत वाच, परत वाच!" तिनं कागद नवऱ्याच्या पायाशी ठेवले, आणि मावशीकडे वळली. "आणि तुम्ही. डोळे मिटून न्या म्हणालात."

"म्हणाले."

"बावीस वर्षं आम्ही तुमच्या तोंडाकडे बघून पुस्तकं नेतो. माझ्या सासूला शेवटच्या आजारात तुम्ही दिलेलं वाचून दाखवलं होतं. तेही ऐकीवच?"

"तेही."

"मग सांगायचं तसं!" आवाज चढला आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. "अमका म्हणतोय बरं आहे, असं सांगायला काय जात होतं तुझं? आम्ही काय हाकलून दिलं असतं? उद्या ह्यांना आत नेणार, आणि काल रात्रभर हा माणूस एकटा..." तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि उगाचच त्याची उशी ठोकली. उशी सरळच होती.

"तिला कशाला?" शिंपी म्हणाला. "उलटून मी बघितलं."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला तर नंतर बघते."

"'नंतर' म्हणालीस, बरं वाटलं ऐकून," शिंपी पुटपुटला.

शेजारचा म्हातारा हसला. शिंपीण हसली नाही. ती खाटेच्या कडेला बसली. बाहेर ढकलगाडीची चाकं वाजत गेली. जाणाऱ्या प्रत्येक चाकासरशी तिघांच्याही माना दाराकडे वळत होत्या.

मावशी उठली. पुस्तक पिशवीत घालताना आतलं दुसरं बाहेर आलं. पोरांचं. कव्हरावर अस्वल, अंगात कोट.

"हे काय?" शिंपीण म्हणाली.

"ते... बदली आणलं होतं. राहू द्या. पोरांचं आहे."

"ह्याचा शेवट कुणी सांगितला तुला? एजंटानं?"

"हे मी वाचलंय. नऊ-दहा वेळा." मावशीनं मान खाली घातली. "कुणी मरत नाही. अस्वल थंडीत कोट हरवतं आणि शोधत फिरतं. सापडत नाही. तरी बरं होतं."

शिंपीण तिच्याकडे बघत राहिली. मग स्टूल पायानं पुढं सरकवलं. "वाच."

"मी? अहो वहिनी, मला मोठ्यानं... मी सावकाश वाचते."

"आम्हाला कुठं जायचंय? दहाला जायचंय. उद्या."

मावशी बसली. बावीस वर्षांत तिनं कुणासमोर वाचलं नव्हतं. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. एकेक अक्षर दगडावरून नदी ओलांडावी तसं. 'अस्वल'ला दम लागला, 'हिवाळा'ला दोनदा थांबली. पलीकडच्या खाटांवरून माणसं कान देऊन होती, हे तिला मानेच्या कातडीला कळत होतं.

"दाखवा," मधेच शिंपी म्हणाला. तिनं चित्र त्याच्याकडे केलं. त्यानं डोळे बारीक केले. "ह्याची डावी बाही उलटी लावलीय. खांद्यात आवळणार. म्हणूनच काढून ठेवला असेल त्यानं आणि हरवला."

"पुढं ऐका," शिंपीण म्हणाली.

पुढं ऐकलं. तिसऱ्या पानावर अस्वल घुबडाला विचारतं, चौथ्यावर नदीला. पाचव्या पानाच्या मध्यावर मावशी एका जोडाक्षरापाशी अडली, कुणी हसलं नाही म्हणून वर बघितलं, तर शिंप्याचं तोंड उघडं पडलं होतं. उशीवर मान कलती. श्वास लांब, एकसारखा.

मावशीनं घाबरून शिंपिणीकडे पाहिलं. शिंपिणीनं आधी त्याच्या छातीवर हात ठेवला, खात्री केली, आणि मग चादर गळ्यापर्यंत ओढली.

"झोपले," ती हलक्या आवाजात म्हणाली.

मावशीनं पुस्तक मिटायला घेतलं. "येऊ मी? चारला उघडायचंय."

शिंपिणीनं मान हलवली, नाही म्हणून. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

"वहिनी, राग आहे माझ्यावर?"

"आहे," शिंपीण म्हणाली. "वाच."