महेंद्रकाकांची साखळी

महेंद्रकाका विजेला घाबरतात. भरवेलीच्या खाणीत जन्मभर विजेचंच काम केलं, तरी घाबरतात. "मी भेतो, म्हणून जिता आहो," असं कोणालाही सांगतात आणि मोठ्याने हसतात.

निवृत्त झाल्यापासून ते गावोगावच्या वीज समित्यांना फुकट मदत करतात. बिरसा गावाच्या पुढे जंगलात काही गावांनी मिळून सौर पॅनेल बसवले आहेत. वीज गावाची, बिघाडही गावाचाच. मग काकांना फोन येतो. काका मोटारसायकल काढतात, मी मागे बसतो. मी मराठीत एम.ए. केलं आहे, नोकरी शोधतो आहे, आणि काकांना रस्त्यात बोलायला कोणीतरी लागतं.

ते पैसे घेत नाहीत. गावाला ते अवघड वाटतं. मग गाव जेवायला घालतं. भरपूर घालतं.

त्या दिवशी मेचं ऊन होतं. समितीचे अध्यक्ष प्रेमलाल यांनी खांब दाखवला. वरचा जोड जळाला होता. काकांनी पॅनेलच्या खोलीतले फ्यूज काढून माझ्या खिशात घातले.

"खांबाखालून हलू नको. कोनी मांगले तरी देऊ नको."

मग प्रेमलालना विचारलं, "कोनाकडे जनरेटर?"

"नाही जी. इथं कुठला?"

काकांनी पिशवीतून जाड साखळी काढली. तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधलं. वर चढून दुसरं टोक बांबूने दोन्ही तारांवर अडकवलं.

प्रेमलाल हसले. "काका, तारेले म्हशीवानी बांधून राह्यले का? फ्यूज तं काढले नं!"

"म्हैस लाथ मारून सोडते," काका वरून म्हणाले. "वीज सोडत नाही. चुकून आली तं साखळीतून जमिनीत जाईल."

प्रेमलाल जेवणाचं बघायला घरी गेले. मी वर बघत उभा राहिलो. हात खिशात, फ्यूज मुठीत.

थोड्या वेळाने गावातून आवाज आला. फट फट फट. मला वाटलं, कोणाचं तरी इंजिन असेल. मग समजलं, हा जनरेटर. मी तोंड उघडलं. 'काका' एवढंच ओरडायचं होतं.

साखळीवर निळी ठिणगी उडाली. काकांच्या तोंडासमोर. गावातला फटफटाट घरघरला आणि बंद पडला.

काका हलत नव्हते. कमरेच्या पट्ट्याने खांबाला अडकून नुसते लटकले होते.

"साखळी आहे नं जागेवर?" वरून बारीक आवाज आला.

"आहे, काका."

"हात लावू नको तिले."

उतरताना त्यांच्या पायाला खांबाची पायरी सापडेना. खाली येऊन बसले. त्या उन्हात त्यांचे दात वाजत होते.

प्रेमलाल धावत आले. मागे त्यांची बायको मैनाबाई. प्रेमलालचा मेहुणा शेजारच्या गावातून जनरेटर घेऊन आला होता. पाहुण्यांनी पंख्याखाली जेवावं म्हणून प्रेमलालनीच त्याला बोलावलं होतं. जनरेटरची वायर घरातल्या बोर्डात खोचली. वीज पंख्यात गेली, आणि घरातून उलटी खांबाकडेही आली.

"लाइन तं बंद होती, काका. तुमच्यासाठीच केलतं," प्रेमलाल रडकुंडीला आले.

"मानूस मारून पंखा कोनाले घालाल जी?" मैनाबाई त्यांच्यावर ओरडल्या.

काका साखळीकडे बघत राहिले. जोड अर्धा राहिला होता. मला वाटलं, आता घरी चल म्हणतील. मला तेच हवं होतं.

"जनरेटर इथं आना," ते प्रेमलालना म्हणाले. "माह्या डोळ्यासमोर."

दोघा जणांनी तो उचलून आणून खांबाखाली ठेवला. मैनाबाई त्यावर पदर खोचून बसल्या. "आता कोनी हात लावून दाखवा."

काका पुन्हा चढले. जोड पुरा केला. खाली आले, बांबूने साखळी सोडवली आणि माझ्यासमोर हात धरला.

"फ्यूज दे."

मी मूठ खिशातून काढली. ती उघडेना. काकांनी माझं एकेक बोट सोडवलं.